बंद इंजिनाचं माप

१

झेंडा खाली पडला आणि जॅग्वार आपलं लांबलचक नाक पुढे काढून चढाच्या पहिल्या वळणाआड गेलीसुद्धा. शेजारची पोर्श मात्र हातभर सरकली, खोकली, आणि तिच्या मागून निळसर धुराचा असा लोट उठला की प्रेक्षक तोंडाला रुमाल लावून पांगले. धूर विरला तेव्हा गाडी रस्त्याच्या मधोमध मेलेली होती आणि मागच्या जाळीतून तेल ठिबकत होतं. कोणीतरी हसलं. एकजण हसला की बाकीच्यांना धीर येतो, तसे मग बरेच हसले.

या शर्यतीची मोटार क्लबनं महिनाभर दवंडी पिटली होती. साठच्या दशकातल्या दोन गाड्या, एक इंग्लंडची जॅग्वार ई-टाइप आणि एक जर्मनीची पोर्श नऊशे अकरा, एकाच चढावर, एकाच सकाळी. त्या काळाची खरी राणी कोण, ते एकदाचं ठरणार होतं. गाड्या दोन सख्ख्या भावांच्या होत्या. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत हे जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं, पण जमलेल्यांतले निम्मे लोक त्याचसाठी आले होते.

पोर्शचे मालक आप्पा गाडीतून उतरले. त्यांनी हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही. मागचं झाकण उघडलं, तेलाच्या टाकीचं टोपण काढलं आणि आत बघून ते काही क्षण तसेच वाकून राहिले. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. हवेच्या गाळणीतसुद्धा तेल शिरलं होतं.

तेवढ्यात जॅग्वार वर जाऊन परत आली. त्यांची पुतणी, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, ती चालवत होती. आजारी बापाच्या जागी ती आली होती. हेल्मेट काढून ती धावत आली.

"काका, काय झालं?"

"घरी जा," आप्पा म्हणाले. "आणि तुझ्या बापाला सांग, त्याची गाडी जिंकली. माझी मारून टाकून जिंकली."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी ज्या बाईंच्या दारात उभी राहिली, त्यांना सगळे भिंगवाली म्हणत. विमा कंपनीत वाहनांचे दावे तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आपटलेल्या गाडीचा पत्रा भिंगातून बघून मालक कुठे खोटं बोलतोय ते त्या सांगत, त्यामुळे गाडी आपटलेली माणसं त्यांना बघितलं की दुसऱ्या गल्लीनं जात. आता निवृत्त झाल्या होत्या आणि कंटाळून गेल्या होत्या.

"मी असली भांडणं सोडवत नाही," बाई म्हणाल्या. "भावाभावांच्या भांडणात पडलेल्या माणसाला दोन्हीकडून मार बसतो."

"भांडण सोडवायचं नाहीये, बाई. वेळ नाहीये तेवढा." पुतणी खुर्चीच्या कडेवर बसली होती, कधीही उठून पळेल अशी. "बाबांच्या फुप्फुसात काही उरलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही, त्रास होऊ नये एवढंच बघू. बाबांनीही लिहून दिलंय, नळ्या नकोत, यंत्रं नकोत. मागितलंय ते एकच. आप्पाला बोलाव."

"मग बोलवा."

"काल गेले होते. ते म्हणाले, दादानं हे केलं नाही असं सिद्ध कर, तसाच चप्पल घालून येतो. नाहीतर त्याच्या मातीलाही येणार नाही." तिचा आवाज फाटला. "माझे बाबा असं करणार नाहीत, बाई. तुम्ही फक्त ते शोधून द्या. आज."

बाईंनी खुंटीवरची पिशवी काढली. भिंग तिच्यात होतंच.

"आणि तुम्ही केलं नसेल कशावरून?" दाराला कुलूप लावता लावता त्यांनी विचारलं. "जिंकलेली गाडी तर तुम्हीच चालवत होता."



३

आप्पांची शेड घराच्या मागच्या अंगाला होती. कुलूप शाबूत, खिडकीला गज, आणि किल्ली घरातल्या खिळ्याला. मेलेली पोर्श ढकलत आणून आत ठेवली होती. आप्पा तिच्याशेजारी एका स्टुलावर बसले होते, घरात कोणी गेल्यावर बसतात तसे.

"शर्यतीच्या दोन दिवस आधी मी गाडी फिरवून आणली," ते म्हणाले. "तेल बघितलं, चोख होतं. मग कुलूप लावलं. शर्यतीच्या सकाळी क्लबच्या ट्रकवर ढकलत चढवली. इंजिन सुरू केलं ते थेट झेंड्यापाशी, तेल पुन्हा बघायला वेळच नव्हता. मधल्या काळात कोणीतरी आत येऊन ओतून गेलं."

"तेलच ओतलं ना? वाळू नाही, साखर नाही?"

"माझंच तेल." त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे रिकामे डबे टोपणं लावून ओळीनं ठेवलेले होते. "माझ्याच फळीवरचं."

बाईंना ते डबे आवडले नाहीत. मारायला आलेला माणूस टॉनिक पाजून जात नाही, आणि गेलाच तर बाटलीला बूच लावत बसत नाही.

"चुकून झालं असेल? कमी वाटलं म्हणून कोणी भरलं असेल?"

आप्पा पहिल्यांदाच नीट बोलायला लागले. गाडीबद्दल विचारलं की या माणसाच्या अंगात जीव येत होता. "बाई, या गाडीचं तेल इंजिनाच्या पोटात राहत नाही. वेगळ्या टाकीत राहतं. इंजिन बंद करून ठेवलं की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात उतरतं, सुरू केलं की परत टाकीत येतं. बंद गाडीची तेल मोजायची पट्टी काढलीत तर कमीच दिसणार. म्हणून तेल बघायचं ते इंजिन गरम आणि चालू असताना. हे पोर्शवाल्या पोरासोरांना माहीत असतं. आणि दादा? तो जन्मभर इंजिनं उघडत आलाय. वर्कशॉप चालवलं त्यानं. त्याला माहीत नसेल?"

बाई गुडघ्यावर बसून गाडीच्या मागे बघत होत्या. तिथे एक जेवणाच्या टेबलाची खुर्ची होती, पाठीला टेकायला उशी ठेवलेली.

"ही तुमची?"

"घरातली आहे. इथे कशी आली कोण जाणे."

डब्यांमागे एक फडकं पडलं होतं, निळ्या चौकड्यांचं, एका बाजूनं फाडलेलं. बाईंनी ते उलगडलं आणि भिंग काढलं. फडक्यावर तेलाच्या बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक. पहिली जेमतेम नखाएवढी. पुढची जरा लांब. त्यापुढची आणखी लांब.

बाईंनी फडकं घडी करून पिशवीत टाकलं.

४

क्लबचे सेक्रेटरी टाय लावून भेटले. त्यांच्याकडेही कधीकाळी अशीच पोर्श होती, ती विकल्याचं दुःख ते अजून सांगत फिरत. आप्पांची गाडी मिळावी म्हणून त्यांनी किती चकरा मारल्या होत्या ते साऱ्या क्लबला ठाऊक होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीच्या दारावर नंबर चिकटवायला तेच शेडमध्ये गेले होते.

"आप्पा शेजारीच उभे होते," ते घाईघाईनं म्हणाले. "मी टाकीला हातसुद्धा लावला नाही."

"जास्त तेलानं धूर होतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"अर्थात! गाळणीत तेल जातं, तिथून इंजिनात, आणि मग..." सेक्रेटरी थांबले. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्याचं त्यांच्या लक्षात आलं. "बाई, मला ती गाडी हवी आहे. हव्या असलेल्या गाडीला कोणी असं करतं का?"

"घाबरू नका. तुम्ही केलं असतं तर डबे ओतून मोकळे झाला असता. पट्टी पुसून पुसून मोजत बसला नसता. ज्यानं ओतलं तो दर वेळी मोजत होता. बरोबर खुणेपर्यंत आणायचं होतं त्याला."

"बंद इंजिनावर मोजत होता?" सेक्रेटरींना हसू आलं. "मग तो पोर्शवाला नव्हेच. हे तर जॅग्वारवाल्याचं काम."

ते गमतीनं बोलले होते. बाईंना मात्र गंमत वाटली नाही.

५

जॅग्वार दादांच्या घराच्या पुढच्या अंगणात होती. निम्मी गाडी नुसतं नाकच. पुतणीनं दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि ते अख्खं नाक पुढच्या बाजूला कलतं केलं. आत सहा सिलिंडरचं लांब इंजिन, पुसून लख्ख केलेलं.

"या दोघी एका वयाच्या, पण एकीचं दुसरीशी काही जुळत नाही," पुतणी म्हणाली. बोलत राहिलं की रडू येत नाही, हे तिनं या काही दिवसांत शोधून काढलं असावं. "हिचं इंजिन पुढे, तिचं मागच्या चाकांच्याही मागे. हिला पाणी लागतं, गर्दीत अडकली की तापून बसते. तिला रेडिएटरच नाही, नुसत्या हवेवर थंड होते. ही वळणावर चुकलात तर सांभाळून घेते. तिच्यात वळणामध्येच घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात तर शेपूट पुढे येते. बाबा म्हणायचे, ती गाडी नव्हे, जीवघेणा हट्ट आहे."

"बाबा कधी बसले होते तिच्यात?"

"कधीच नाही. भांडण तिच्यावरूनच तर झालं. दोघं मिळून ही जॅग्वार उभी करणार होते. वर्ष वर्ष खपले. आणि एक दिवस काका दारात ती घेऊन आले. बाबांना वाटलं, याला माझ्याबरोबर काम नको झालंय. म्हणाले, त्या गाडीला हात लावणार नाही, तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते."

"हिचं तेल कसं बघता?"

पुतणीनं बंद, गार इंजिनातून पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, काढली. "सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी. बाबांनी असंच शिकवलं. दुसरं कसं बघणार?"

"पोर्शचंही असंच बघतात?"

"असंच ना? गाडीच आहे ती पण."

तिच्या तोंडावर एक रेघही हलली नाही. बाईंनी हजारो खोटी तोंडं बघितली होती, हे त्यांतलं नव्हतं. शिवाय या मुलीला उशी लावलेली खुर्ची कशाला लागेल? खुर्ची लागते उभं राहवत नाही त्याला.

पुतणीनं आशेनं विचारलं, "मग? बाबांनी नाही केलं ना?"

बाईंना आयुष्यात पहिल्यांदा खोटा अहवाल द्यावासा वाटला. केलं होतं ते दादांनीच.

६

आप्पांच्या स्वयंपाकघरात सिंकवर निळ्या चौकड्यांचं अर्धं फडकं वाळत होतं. काकू, म्हणजे आप्पांची बायको, भांडी पुसत होत्या. बाईंनी पिशवीतलं दुसरं अर्धं काढून शेजारी टांगलं.

काकूंनी हातातली थाळी खाली ठेवली.

"दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी आले होते भाऊजी," त्या हळू म्हणाल्या. "हे बाहेर गेले होते. टॅक्सी दाराशी उभी करून आले. धाप लागलेली. म्हणाले, 'अगं, एकदा त्याची गाडी बघू दे मला.' इतक्या वर्षांनी दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणू? मी किल्ली काढली. खुर्ची नेऊन ठेवली."

"आणि त्यांनी पट्टी काढली."

"चेहराच उतरला त्यांचा. 'कोरडी आहे गं. हा गाढव अशीच चढावर घालणार. इंजिन जाम झालं तर वळणावर गाडी फिरेल आणि हा जीवानिशी जाईल.' डबा उचलवेना त्यांना. मीच ओतला. ते पट्टी पुसायचे, बघायचे, म्हणायचे, 'अजून. अजून थोडं.' शेवटी खुणेला आलं तेव्हा असे हसले, बाई! जाताना बजावलं, 'माझं नाव सांगू नकोस. मी भरलं कळलं तर सगळं काढून फेकेल.'"

"शर्यतीनंतर तरी सांगायचं होतंत."

"कसं सांगू? ओतणारे हात माझे." काकूंनी ते हात पदरात गुंडाळून घेतले. "इतकी वर्षं मी या दोघांचा अबोला जेवायला वाढत आलेय. म्हटलं, आता भाऊजींचं नाव घेतलं तर उरलासुरला दोर तुटेल. नाही घेतलं, तरी तुटतोच आहे."

दाराशी पाऊल वाजलं. आप्पा चौकटीत उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

७

"म्हणजे त्यानंच," आप्पा म्हणाले.

बाईंनी फडकं त्यांच्या हातात दिलं. "हे वाचा. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं."

आप्पांनी ते खिडकीपाशी नेलं. आखूड रेघ, लांब रेघ, आणखी लांब. त्यांचं बोट रेघांवरून फिरत गेलं आणि शेवटच्या रेघेवर थांबलं. अगदी खुणेएवढी. एक थेंब जास्त नाही. असं नेमकं काम करणारा एकच माणूस त्यांना माहीत होता. त्यानंच त्यांना पट्टी धरायला शिकवली होती.

"त्याला माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "एवढी साधी गोष्ट?"

"या गाडीचं नाव काढायचं नाही असं ज्या घरात ठरलंय, तिथे कोण सांगणार होतं? एकच माणूस सांगू शकला असता." बाईंचा आवाज त्यांनी ठरवला होता त्यापेक्षा कडक निघाला. "तो बोलत नव्हता."

आप्पा खिडकीला धरून खाली बसले. म्हातारा माणूस हमसून रडायला लागला की आजूबाजूच्यांना कुठे बघावं कळत नाही. काकूंनी त्यांचा खांदा धरला. त्यांनी तो झटकला नाही.

"चप्पल कुठेय माझी?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

दवाखान्यातली खोली दुपारच्या उन्हानं भरली होती. दादा उशांच्या ढिगाला टेकून बसलेले, नाकावर ऑक्सिजनचा मास्क. इतके लहान झालेले की आप्पा दारातच अडखळले. बाई भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांना खरं तर जायचं होतं, पण पुतणीनं त्यांचा हात सोडला नाही.

"आप्प्या," दादा म्हणाले. या नावानं हाक मारणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"दादा."

"धूर केला म्हणे. इथला वॉर्डबॉय मोबाइलवर दाखवत होता." दोन शब्द, एक श्वास, असं ते बोलत होते. "म्हणून बोलावलं. विचारायचं होतं. पट्टी कोरडी होती रे. पुन्हा पुन्हा बघितली मी. काय चुकलं माझं?"

आप्पांनी खुर्ची पलंगाला भिडवली. भावाचा हात हातात घेतला. तो हात इतका हलका झाला असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तुझं काही चुकलं नाही. सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही." मग त्यांनी सांगितलं. वेगळी टाकी, खाली उतरणारं तेल, गरम इंजिन. दादा कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले, गिऱ्हाईक काहीतरी अचाट सांगतंय तसे.

"चालू इंजिनावर तेल बघायचं?" मास्कच्या आत त्यांना हसू फुटलं, त्याचा खोकला झाला. "कुठल्या शहाण्यानं काढलं हे?"

"सगळंच उलटं आहे तिच्यात."

"अजून काय? सांग." त्यांनी डोळे मिटून घेतले. "पहिल्यापासून सांग."

आप्पा सांगायला लागले. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला कशी आहे. पुढचं झाकण उघडलं की आत इंजिन नाही, पेट्रोलची टाकी आणि सामानाची जागा आहे, हे पहिल्या दिवशी बघून आपणच कसे खुळ्यासारखे उभे राहिलो. पंख्याचा आवाज. मागच्या चाकांवर बसलेलं वजन, चढाला ते कसं उपयोगी पडतं, आणि उताराच्या वळणावर पाय का उचलायचा नाही. पहिला गिअर पुढे नाही, डावीकडे घेऊन मागे ओढायचा. दादांची बोटं त्यांच्या तळहातात किंचित हलली, डावीकडे, मागे. दुसरा मात्र उजवीकडे आणि पुढे. बोटं पुन्हा हलली असावीत. मग थांबली.

पुतणीला आधी कळलं. मग बाईंना. आप्पा तोंड खाली घालून, हात धरून बोलत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते घाई करत होते.

नर्स आत आली, तिनं दादांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे होणार तोच पुतणीनं तिची बाही धरली. पुतणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"थोडं थांबा," ती कुजबुजली. "काकांचं सांगून होऊ दे."

आप्पा तिसऱ्या गिअरपर्यंत आले होते.